गुलाबी कागदाला दोष नसतो

"बायकांच्या कवितेत दोष काढायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

आमच्या काव्यमंडळाचा हा पहिला नियम. पहिल्याच रविवारी, मी पायातल्या चपला काढायच्या आत, तो मला सांगण्यात आला. सांगणारे नाना. म्हणजे माझे सख्खे मामा, गोंदियाच्या शाळेचे रिटायर झालेले हेडमास्तर आणि मंडळाचे प्रेसिडेंट. मी नागपूरहून नुकतीच बी.ए. होऊन त्यांच्या घरी राहायला आले होते. कन्याशाळेत नोकरी लागली होती आणि डोकं गरम होतं. 'का' विचारू नको म्हटलं, की मला नेमका तोच प्रश्न सुचायचा.

मंडळाचे किस्से सांगायला बसलं की संपत नाहीत. किसनलाल शेठजींच्या राइस मिलच्या मागे तुसाचा ढीग आहे ना, तसं आहे ते. कोणी मुद्दाम रचत नाही. तांदूळ निघत राहतो आणि मागे ढीग वाढत राहतो. आमचं मंडळ त्याच मिलच्या ऑफिसात भरायचं. रविवारी मशीन बंद, गाद्या झाडलेल्या, खिडकीबाहेर रेल्वेचं यार्ड. कविता वाचताना मध्येच इंजिनानं शिट्टी दिली की वाचणारा थांबायचा. नाना म्हणायचे, "हा रेल्वेचा यति. कवीचा नव्हे!"

पद्धत अशी. बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. सगळ्यांनी आपापल्या कविता नाव न घालता त्यात टाकायच्या. पुरुषांनी पांढऱ्या कागदावर, बायकांनी गुलाबी. पांढऱ्या कागदाची 'फोड' व्हायची. आधी वृत्त, मग यति, मग अलंकार, मग रस, आणि शेवटी, सगळे सरसावून बसले की, दोष! तास तास भांडण चालायचं. शेवटी नाना निकाल द्यायचे. "कविता उभी आहे," किंवा "कविता बसली." याच्या पलीकडे त्यांनी कधी स्तुती केली नाही, आणि निंदाही नाही.

गुलाबी कागद निघाला की कोणीतरी भरभर वाचायचं, कोणीतरी "छान!" म्हणायचं, आणि कवयित्रीच्या हातावर खडीसाखरेची पुडी ठेवली जायची. झालं! महायुद्धाच्या लढाईमुळे बाजारात साखर मिळेना, तेव्हासुद्धा बायकांच्या कवितेला खडीसाखर कमी पडली नाही. शेठजींच्या देवघरातून यायची.

मला खडीसाखर नको होती. मला दोष हवे होते. कॉलेजात आमचे प्रोफेसर माझे पेपर लाल शाईनं रक्तबंबाळ करून परत द्यायचे, आणि मी ते उशाशी घेऊन झोपायची. ज्यानं दोष काढले त्यानं निदान वाचलं तरी! इथे माझी पहिली कविता वाचून झाली तेव्हा मंडळातले जमीनदार, मालगुजार आबाजी, सुपारी कातरत होते. अडकित्ता न थांबवता म्हणाले, "छान आहे. गोड आहे."

कविता कॉलऱ्यावर होती!

*

आता नावाचं गुपित. कविता कोणाची हे विचारायचं नाही, हा दुसरा नियम. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येकानं कविता दुसऱ्याकडून उतरवून घ्यायची. नानांच्या कविता मामी उतरवून द्यायची. तिचं अक्षर मोत्यासारखं. मामी स्वतः कविता करत नसे. "मले टाइम कोठी आहे रडाले," म्हणायची.

इतका बंदोबस्त करूनही नानांची कविता साऱ्या मंडळाला पहिल्याच ओळीत कळायची. कारण नानांच्या उजव्या पायाचा अंगठा! स्वतःची कविता सुरू झाली की तो अंगठा गादीवर मात्रा मोजायला लागायचा. चेहरा एकदम कोरा, डोळे छताकडे, आणि खाली अंगठा ठेक्यात वरखाली. नानांना याचा पत्ताच नव्हता.

त्यामुळे डब्यातले कागद वाचून दाखवणाऱ्या वैद्यबुवांनी कविता वाचायला घेतली की सगळे आधी कागदाकडे नाही, नानांच्या पायाकडे बघायचे. अंगठा स्वस्थ असला की तलवारी बाहेर. अंगठा हलला की, "वा! काय प्रसादगुण!"

एकदा नानांच्या पायाला ठेच लागली आणि अंगठ्याला हळदीची पट्टी बांधलेली. मंडळाची काय पंचाईत! एकामागून एक तीन कविता वाचून झाल्या, कोणी तोंडच उघडेना. शेवटी वैद्यबुवा म्हणाले, "पट्टी निघेपर्यंत सभा तहकूब करावी. रोग्याची लक्षणं दिसत नाहीत."

नानांना वाटलं, बुवांना त्यांच्या पायाची काळजी आहे. त्यांना भरून आलं!

*

मालगुजार आबाजी देवरीकडचे. जंगलातून रेंगी जुंपून यायचे, येताना बैलांच्या पाठीशी चारोळीची पोतडी. त्यांनी तरुणपणी एक वाघ मारला होता. एकच. पण तेव्हापासून त्यांनी शार्दूलविक्रीडित सोडून दुसऱ्या वृत्तात ओळ लिहिली नाही. नाना समजवायचे, "आबाजी, विषय नाजूक आहे, भुजंगप्रयात घ्या."

"भुजंगप्रयात? साप हाव का मी?"

त्यांच्या नातीच्या बारशाची कविताही शार्दूलविक्रीडितात. तान्ह्या पोरीचं नाव ठेवताना एकोणीस अक्षरांची ओळ अशी गरजायची, की वाटावं, पाळण्यातून आता डरकाळीच ऐकू येणार.

मग त्यांची आवडती गाय गेली. आबाजी खरंच खचले होते. कविता डब्यात टाकतानाच डोळे पुसत होते, म्हणजे नावाचं गुपित संपलंच. वैद्यबुवांनी वाचली. पुन्हा शार्दूलविक्रीडित! मला राहवलं नाही. गुलाबी बाजूनं फोडीत बोलायचं नाही हे विसरून मी म्हटलं, "आबाजी, शोकाला मंदाक्रांता शोभते. गाईच्या मरणाला वाघाचं वृत्त कशाला?"

आबाजींनी माझ्याकडे लाल डोळ्यांनी पाहिलं.

"गाय वाघानंच नेली ना वो बाई!"

नानांनी निकाल दिला, "कविता उभी आहे."

*

वैद्यबुवा कवितेची नाडी बघायचे. म्हणजे खरोखर! कागद डाव्या हातावर ठेवायचे, उजव्या हाताची तीन बोटं त्यावर टेकायचे आणि डोळे मिटायचे. "उपमा जुनाट आहे. मुरलेली. निघायला वेळ लागेल." "यमकाला सूज आहे." "कल्पना बरी, पण अर्थाला भूक नाही."

एका कवितेत एकाच अक्षराचा इतका भडिमार होता की ऐकता ऐकता दात वाजायला लागले. बुवांनी निदान केलं, "अनुप्रासानं पोट फुगलंय. लंघन द्या." कवी कोण ते विचारायचं नव्हतं, पण पुढच्या रविवारी तीच कविता डब्यात परत आली, बारा ओळींच्या चार होऊन. बुवा खूष. "बघा, गुण आला!"

किसनलाल शेठजी कोपऱ्यात बसायचे. जागा त्यांची, चहा त्यांचा, खडीसाखर त्यांची. मराठी वृत्तांशी त्यांचा संबंध नाही. पण एकही रविवार चुकवायचे नाहीत. ते हळूच म्हणाले, "वैद्यजी, मरीज दुबला तो हो गया. बोलता तो अब भी नहीं."

*

रसाची एक वेगळीच भानगड होती. कवितेचा रस शृंगार ठरला, की बायकांनी चहा बघायला आतल्या खोलीत जायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण नाना घसा साफ करायचे आणि मामी उठायची. मी उठत नसे. मग मामी माझा दंड धरून उठवायची.

आता यातली अक्कल बघा. रस ठरवायचा तर कविता आधी पूर्ण वाचायला हवी. म्हणजे जे ऐकायचं नाही ते सगळं ऐकून झाल्यावर आम्ही बाहेर! मी हा पॉइंट काढला तर नाना म्हणाले, "इंदू, तू फार वाचतेस."

एका रविवारी कविता निघाली ती अशी की कोणीतरी दाराशी उभी राहून कोणाची तरी वाट पाहते आहे. आबाजी म्हणाले, "शृंगार." नानांनी घसा साफ केला. आम्ही उठलो. दाराशी पोचलो तोच वैद्यबुवा म्हणाले, "नाही, नाही. वाट पाहणारी म्हणजे जीव, येणारा म्हणजे ईश्वर. भक्ती." आम्ही परत येऊन बसलो. आबाजींनी दुसरं कडवं काढलं, "मग हे पैंजण कायले? जीवाले पैंजण असते का?" आम्ही उठलो. बुवांनी तिसरं कडवं काढलं, त्यात तुळस निघाली. आम्ही बसलो. चौथ्यात गजरा होता.

तिसऱ्यांदा उठताना मामीनं गुडघ्यावर हात ठेवला आणि साऱ्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाली, "ठरवा बाप्पा एकदाचं, शृंगार का भक्ती! गुडघे दुखून राहिले माझे."

त्या दिवसापासून रस कोणताही निघो, मामी बसून राहायची. आणि मामी बसली की मलाही बसायला मिळायचं.

*

एवढं झालं तरी गुलाबी कागदाचा नियम काही हलेना. शृंगार ऐकायची परवानगी मिळाली, पण आमच्या कवितेला कोणी बोट लावेना. कन्याशाळेतल्या माझ्या सोबतच्या दोन शिक्षिकाही कविता टाकायच्या. त्यांना पुडी मिळाली की त्या लाजून घ्यायच्या. मी घरी येऊन पुडी मामीच्या ओट्यावर आपटायची.

"काऊन इतकी चिडतेस वो? साखर तर आहे," मामी म्हणायची.

"मामी, समज तू भाजी केलीस आणि नानांनी ताटाकडे न बघताच 'छान' म्हटलं तर?"

मामीनं माझ्याकडे बघितलं. "तीस वर्षं झाली, तेच तर म्हणून राहिले."

मग मला एक प्रयोग सुचला. मामीनं त्या दिवशी कुडवा गावातल्या भाजीवाल्या बाईकडून अंबाडी घेतली होती. मी मामीला कृती विचारली आणि जशीच्या तशी गुलाबी कागदावर लिहिली, ओळी तोडून:

'अंबाडी निवडून घ्यावी,
उकडून पाणी टाकावे.
तुरीची डाळ, कण्या थोड्या,
वरून लसणाची फोडणी.'

ना वृत्त, ना यमक, ना अलंकार. रस होता, पण तो पातेल्यात! डब्यात टाकली. वैद्यबुवांनी भरभर वाचली. मला वाटलं, आता तरी कोणी ओरडेल, आता तरी कोणी म्हणेल की ही काय थट्टा आहे!

"छान," आबाजी म्हणाले.

"गृहिणीचं हृदय दिसतं," नाना म्हणाले.

वैद्यबुवांनी मात्र तीन बोटं कागदावर टेकली. "पित्ताला जरा जड आहे," ते म्हणाले, "पण छान."

पुडी माझ्या हातावर आली. शेठजी तेवढे माझ्याकडे वाकून कुजबुजले, "बेटी, फोडणी में मिर्च नहीं डाली?"

साऱ्या मंडळात दोष काढला तो एकट्या शेठजींनी. त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

*

लढाई लांबत गेली तसा कागद मिळेनासा झाला. शेठजी मिलच्या जुन्या बिलांची कोरी बाजू द्यायचे, तीही पुरेना. नानांनी हेडमास्तराचा उपाय काढला. ते पाटीवर कविता करू लागले. पहिल्या रविवारी पाटी बगलेत मारून, वरून काळा कोट चढवून निघाले. मिलमध्ये पोचून पाटी काढली तर पाटी स्वच्छ आणि कोटाची बाही आतून पांढरी!

आठवडाभराची कविता गेली. नाना बाहीकडे बघत उभे राहिले. वैद्यबुवांनी बाहीवर तीन बोटं ठेवली. "ओज आहे," ते म्हणाले, "पण बगलेत उतरलंय."

तेव्हापासून नाना पाटी घरीच ठेवायचे. शनिवारी रात्री पाटी देवळीत उभी करायची, रविवारी सकाळी मामीनं ती कागदावर उतरवून डब्यात टाकायची. डबा आमच्याच घरी असायचा. नाना कागदाकडे बघतही नसत. ते थेट सभेत ऐकायचे, इतरांसारखेच, कोऱ्या चेहऱ्यानं आणि चालत्या अंगठ्यानं.

*

आणि आता तो रविवार.

मी ठरवलं होतं की एक कविता पांढऱ्या कागदावर टाकायची. नियम मोडायचा. कोणाला कळणार? नाव विचारायचं नाही हा त्यांचाच नियम! कविता मिलवर होती, भुजंगप्रयातात. सकाळी मी मामीकडे गेले. ती देवळीसमोर बसली होती. पुढ्यात नानांची पाटी, हातात टाक.

"मामी, पांढरा कागद आहे?"

"एकच आहे. उरलेले गुलाबी."

"मला हवाय. आणि तुझ्याच अक्षरात हवंय."

मामीनं माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "सांग काय लिहू ते." तिनं माझी कविता त्या पांढऱ्या कागदावर उतरवली. मी आंघोळीला गेले. पुढे काय झालं ते मला माहीत नव्हतं. मामीखेरीज कोणालाच नव्हतं.

दुपारी सभा भरली. कन्याशाळेच्या बाई सुट्टीत गावी गेलेल्या, म्हणून बायकांच्या बाजूला मामी आणि मी, दोघीच. वैद्यबुवांनी डबा उघडला. पांढरे कागद आधी. तिसरा माझा निघाला.

'दुपारी उन्हाचा फुफाटा उडाला,
जरासा भुशाचा सुगंधी धुराळा…'

सगळ्यांनी नानांच्या पायाकडे बघितलं. अंगठा स्वस्थ. आणि जी तुटून पडली मंडळी!

"'उडाला' आणि 'धुराळा'! ला आणि ळा, हे यमक झालं?" वैद्यबुवा. "एक पाय लंगडा आहे रोग्याचा!"

"भुशाले कुठला आला सुगंध?" आबाजींनी अडकित्ता खाली ठेवला. खाली ठेवला! "औचित्य नावाची गोष्ट आहे का नाही?"

शेठजी कोपऱ्यातून उसळले. "आता है! आता है सुगंध! नया धान हो तब मेरी मिल में आकर देखो!"

"वृत्त शुद्ध आहे," नाना म्हणाले, "पण 'जरासा' हा शब्द मात्रा भरायला कोंबलाय. कामचोर शब्द आहे तो."

होता! खरंच होता! मला रात्रभर तोच टोचत होता आणि नानांनी तो बरोबर काढला. मी पदर तोंडाशी धरून बसले. हसू आवरेना, डोळ्यांत पाणी. मामीनं मला कोपरानं ढोसलं.

"हा कोणीतरी कॉलेजातला पोट्टा असन," आबाजी म्हणाले. "चुका करून राहिला, पण घाबरून नाही राहिला."

नानांनी डोळे मिटले, उघडले. "दोष पुष्कळ आहेत. पण कविता उभी आहे."

मला वाटलं, आता इथेच सभा संपावी. मला आयुष्यात दुसरं काही नको.

डब्यात एकच कागद उरला होता. गुलाबी.

मंडळी सैल झाली. आबाजींनी अडकित्ता पुन्हा उचलला. शेठजींनी खडीसाखरेची पुडी काढून बुवांच्या पुढ्यात ठेवली. बुवा तार वाचावी तसे वाचू लागले:

'मागे गेले दिवस सगळे, कोण आता विचारी,
दारापाशी नजर वळते, सांज येते दुपारी…'

मी दचकले. मी गुलाबी कागद टाकलाच नव्हता. आणि हे मंदाक्रांता होतं, घडवलेलं, एकेक अक्षर तोललेलं. कोणी मोजत नव्हतं. गुलाबी कागदाच्या वेळी नानांच्या पायाकडे कोणी बघत नसे. मी बघितलं.

अंगठा हलत होता.

पहिल्या कडव्यात हलत होता. दुसऱ्या कडव्यात, जिथे रिकाम्या वर्गातल्या बाकांवर धूळ बसते, तिथे हलत होता. बुवा घाईघाईनं पुढे गेले तेव्हा एकदा अडखळला, आणि पुन्हा ठेका धरला. नानांची नजर छताकडे नव्हती. ते बुवांच्या हातातल्या गुलाबी कागदाकडे बघत होते.

मी मामीकडे बघितलं. मामी तिच्या बांगड्या नीट करत होती.

"छान," आबाजी म्हणाले. सुपारीचा तुकडा पडला. "गोड आहे."

"बाईमाणसाचं हळवं मन," वैद्यबुवा म्हणाले. "घरकामातून वेळ काढून करतात, कौतुक केलं पाहिजे." त्यांनी तीन बोटंही टेकली नाहीत. पुडी उचलून माझ्यापुढे धरली. बायकांच्या बाजूला कविता करणारी मी एकटीच. दुसऱ्या कोणाची असणार? "घे पोरी. गोड लिहिलंस."

मी हात पुढे केला नाही.

नाना माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं की मला कळलंय. कान लाल झाले होते. बोलले तर दुसरा नियम मोडतो, आणि गप्प बसले तर पहिला त्यांना गिळून टाकतो. शेवटी, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ते म्हणाले, "इंदू. घे ना साखर."

बुवांचा हात तसाच पुढे. आबाजी म्हणाले, "घे वो बाई, लाजतेस कायले?"

मी उठून उभी राहिले.

"मी नाही घेणार."

"काऊन?"

"मंदाक्रांता आहे ही. चार, सहा, सात, तिन्ही यति जिथल्या तिथे पडलेत, कोणी मोजले? 'सांज येते दुपारी' म्हणजे काय, कोणी विचारलं? दुपारी सांज कशी येते? कोणाला येते? या कवितेत दोषही आहेत, दुसऱ्या कडव्यात उपमा घासून गुळगुळीत झालेली आहे. कोणी काढला तो दोष? आधी फोड करा. पांढऱ्या कागदाची करता तशी. अर्धा तास भांडा हिच्यावर. मग साखर वाटायची तर वाटा. तोपर्यंत ही पुडी मी घेणार नाही, आणि कविता करणारं माणूसही घेणार नाही."

"कविता तुझी नाही?" वैद्यबुवांनी विचारलं. "मग कोणाची?"

"बुवा," मी म्हटलं, "ते विचारायचं नाही. नियम आहे."

अडकित्ता थांबला. बुवांचा पुडीचा हात हवेतच राहिला. शेठजींनी मान वळवून हळूच खाली गादीकडे, नानांच्या पायाकडे बघितलं. मग आबाजींनी बघितलं. मग बुवांनी.

यार्डात इंजिनानं शिट्टी दिली.